दिनकर मास्तरांचा हुंकार

दिनकर मास्तरांना गोष्ट ऐकता येत नसे. म्हणजे ते बहिरे होते असं नव्हे. वर्गात मागच्या रांगेत कोणी चिंचोका फोडला तरी त्यांना फळ्याकडे तोंड करून कळायचं. पण गोष्ट सुरू झाली, राजा राणीशी दोन शब्द बोलला न बोलला, की मास्तरांचं उजव्या हाताचं बोट वर जायचं, डावा डोळा बारीक व्हायचा आणि ते म्हणायचे, "वरवर पाहू नका!" मग गोष्ट तिथंच खाली बसायची आणि मास्तर उभे राहायचे.

चिखलीच्या मराठी शाळेत ते भाषा शिकवायचे आणि मी गणित. राहायलाही आम्ही एकमेकांना लागून. मध्ये एकच मातीची भिंत होती, आणि ती इतकी पातळ की त्यांच्या घरात फोडणी पडली की माझ्या घरात शिंका यायच्या. गणित शिकवणाऱ्या माणसाला सखोल अर्थाची भीती वाटते. माझ्या उदाहरणात पाच आंबे असले तर ते पाच आंबेच असत. मास्तरांच्या कानावर मात्र पाच हा आकडा पडला की त्यांना पंचमहाभूतं दिसू लागत. एकदा माझा वर्ग चालू असताना ते दारातून जात होते. थांबले, आणि माझ्या आंब्यांचा अर्थ पोरांना सांगून गेले. त्या दिवसानंतर ते उदाहरण कोणी बरोबर सोडवलं नाही.

अंगाने काटकुळे, डोक्याला काळी टोपी, धोतर आणि वर कोट. कोटाचं मधलं बटण कायमचं तुटलेलं. एका पोराने धीर करून विचारलं, "गुरुजी, बटन कुठं गेलं?" तर मास्तर म्हणाले, "वरचं बटण म्हणजे बुद्धी, खालचं बटण म्हणजे वासना. मधली जागा मोकळी पाहिजे, तिथं आत्मा राहतो." त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून सुभद्रावहिनींचा आवाज आला, "काळा दोरा आना, काळा दोरा आना, म्हणून कवाचं सांगून राह्यली मी. बाजारात जातेत आन् तपकीर घेऊन येतेत. दोरा आनला असता तं आत्म्याले थंडी तरी वाजली नसती."

वहिनी मूळच्या देऊळगाव राजाच्या. त्यांच्या बोलण्यात सगळं असं सरळ असायचं. दोरा म्हणजे दोरा. अशा बाईची गाठ अशा माणसाशी कोणी घातली, यातही मास्तरांनी काहीतरी अर्थ शोधला असणार. मी विचारायला गेलो नाही.

लहान पोरांना शिकवताना मास्तरांची आवडती गोष्ट म्हणजे कावळ्याच्या शेणाच्या घराची आणि चिमणीच्या मेणाच्या घराची. ती घराघरात सांगतात, त्यामुळे पोरांना पाठच असायची. मास्तर दर आठवड्याला तिचा नवा अर्थ काढायचे. पहिल्या आठवड्यात कावळा म्हणजे जीव, चिमणी म्हणजे बुद्धी आणि पाऊस म्हणजे प्रारब्ध. पोरांचा जीव मात्र कावळ्यात अडकलेला. "गुरुजी, मंग कावळ्याले सर्दी झाली काय?" असं एकाने विचारलं, तर मास्तरांना वाटलं की हा मुलगा अजून वरवर पाहतो आहे.

पुढे कोणीतरी त्यांना नागपूरचं वर्तमानपत्र आणून दिलं, आणि अर्थाला राजकारणाची बाधा झाली. त्या काळी आमच्या वऱ्हाडाची तऱ्हाच अशी होती की तो कागदोपत्री निजामाचा, कारभार इंग्रजाचा, कचेरी नागपुरात, आणि कापूस तेवढा आमचा. मध्यप्रांताच्या शेपटाला बांधलेला प्रदेश, त्याला कोणी विचारत नाही, अशी ओरड घरोघर असायची. मास्तरांना एकदम साक्षात्कार झाला. कावळा म्हणजे वऱ्हाड! बिचाऱ्याचं घर वाहून गेलं. आणि आत दार लावून बसलेली चिमणी म्हणजे नागपूर.

नेमके त्याच आठवड्यात शाळा तपासायला डिप्टी साहेब आले. साहेब नागपूरचे होते. मास्तरांच्या वर्गात बसून त्यांनी समोरच्या पोराला उठवलं आणि गोष्टीचं तात्पर्य विचारलं. छापील तात्पर्य होतं की घर मजबूत बांधावं. पोरगं ताठ उभं राहिलं.

"साहेब, चिमणी नागपूरची हाये. थे दार उघडत नाही."

हेडमास्तरांनी भिंतीला हात टेकला. साहेब मात्र हसऱ्या स्वभावाचे असावेत. त्यांनी विचारलं, "बरं. आणि पाऊस कोण रे?"

हे मास्तरांनी शिकवलेलं नव्हतं. पोराने मास्तरांकडे पाहिलं, कोपऱ्यात निथळत असलेल्या साहेबांच्या छत्रीकडे पाहिलं, आणि म्हणालं, "पाऊस म्हनजे तुमी, साहेब. वर्षातून एकडाव येतेत आन् समदी शाळा हालवून जातेत."

साहेब हसले, पण शेऱ्यात हसले नाहीत. पुढच्या वर्षी हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा खुर्ची दिनकर मास्तरांची होती. तिच्यावर बसायला मेहकरहून दुसरा माणूस आला. मी हळहळलो. मास्तर म्हणाले, "वरवर पाहू नका. खुर्ची म्हणजे काय?" मी पुढचं न ऐकता पाणी प्यायला गेलो.

जानेफळची गोष्ट तर पंचक्रोशीत गाजली. तिथल्या जत्रेत खडी गंमत होती. खडी गंमत म्हणजे आमच्याकडचा तमाशाच म्हणा. ढोलकी, नाच्या, सोंगाड्या, आणि लहान पोरांना घरी पाठवून ऐकायचे सवाल-जवाब. मास्तर एका लग्नासाठी गावात होते, त्यांना पाटलांनी आग्रहाने पुढे बसवलं. सोंगाड्याने नाच्याला एक असा सवाल टाकला की मागची माणसं शिट्ट्या मारून उठली. आणि पुढून मास्तरही उठले. बोट वर. "वरवर पाहू नका! इथं विहीर म्हणजे देह, दोर म्हणजे श्वास, आणि पोहरा वारंवार आत-बाहेर जातो तो जीवात्मा!" ढोलकी थांबली. मास्तर बोलत राहिले. गावच्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढून हात जोडले, आणि ज्यांना शिट्टी मारायची होती त्यांना शिट्टीचा सूर सापडेना. पुढची सगळी गंमत लोकांनी भजनासारखी ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर तो सोंगाड्या मास्तरांसमोर येऊन बसला. तोंडाचा रंग अजून नीट गेला नव्हता. बिचारा कळवळून म्हणाला, "मास्तर, तुमचे पाय धरतो. आमी तं सरळ वंगाळच बोललो होतो हो. तुमी असा अर्थ लावला, आता आमाले या गावात सुपारी कोन देईन?"

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला स्वतःला माहीत नाही तू किती मोठं बोलून गेलास ते."

हीच त्यांची गंमत होती आणि हाच त्यांचा छळ. माणूस जे बोलतो ते सोडून बाकी सगळं त्यांना ऐकू यायचं.

आता वहिनींबद्दल सांगतो. गोष्ट सांगावी तर सुभद्रावहिनींनी. श्रावणात दुपारी त्यांच्या ओट्यावर गल्लीतल्या बाया जमायच्या. पलीकडची हमीदाबीही यायची. तिचा नवरा चांदभाई छकड्यात बांगड्या घालून बाजारोबाजार फिरायचा, आणि ही घरी कंटाळायची. वहिनी प्रत्येकीच्या मुठीत जवारीचे चार दाणे द्यायच्या. कहाणी दाणे मुठीत धरूनच ऐकायची, आणि ती संपली की ते देवापुढे ठेवायचे, ही रीत. दुसरी रीत हुंकाराची. सांगणारी वाक्य संपवून थांबली की ऐकणारीने "हूं" म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्ट वाट चुकते, असं वहिनी म्हणायच्या. आणि सुरू केलेली कहाणी अर्धी टाकायची नाही, मग घरात दूध उतू जावो की पाहुणा येवो.

सुट्टीच्या दिवशी मास्तर आत खिडकीशी तपकीर घेऊन बसलेले असायचे. हुंकार बायांचा चालायचा आणि मधूनच खिडकीतून "वरवर पाहू नका!" यायचं. राणीने व्रत केलं, अर्थ. राजा शिकारीला गेला, अर्थ. बाया पदराआड हसायच्या, वहिनी थांबायच्या, मास्तरांचं संपलं की जिथं सोडलं तिथून पुन्हा उचलायच्या. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. मला भिंतीपलीकडून वाटायचं की वहिनींना त्याची सवय झाली आहे. सवय कसली, बाई गिळत होती.

त्या वर्षी आखाडातच निरोप आला होता. चांदभाई देऊळगावच्या बाजाराहून तो घेऊन आला. वहिनींची आई अंगणात पाय घसरून पडली, खाटेवर आहे, उठता येत नाही. म्हातारी घरात एकटी, शेजारीण भाकर देते. वहिनींना भाऊ नव्हता. श्रावण लागला की आमच्या गल्लीत एकेकीचा भाऊ यायचा, बैल सोडायचा, जेवायचा आणि बहिणीला पंचमीला घेऊन जायचा. वहिनींच्या दारात बैल कधी सुटले नाहीत. त्यांना न्यायचं तर मास्तरांनीच, आणि मास्तरांनी चार वर्षांत नेलं नव्हतं.

निरोपाच्या दुसऱ्या दिवशी वाढता वाढता वहिनी म्हणाल्या ते मी भिंतीतून ऐकलं. "आईचा पाय गेला म्हनते. खाटेवर हाये."

"पाय," मास्तर म्हणाले. मग, "पाय म्हणजे आधार. आधार सुटला की मनुष्य आकाशाकडे पाहतो." आणि त्यांनी ताक मागितलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी रविवार होता. ओट्यावर बाया थोड्याच उरल्या होत्या, बाकीच्या माहेरी गेलेल्या. मी माझ्या ओट्यावर वाती वळणाऱ्या आईशेजारी बसलो होतो. वहिनींनी दाणे वाटले आणि सांगायला लागल्या. ही कहाणी कोणी आधी ऐकलेली नव्हती.

"आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता, त्याची एक राणी."

"हूं."

"राणीची आई दूर गावी एकटी. श्रावण आला. गावच्या समद्या बायांचे भाऊ आले, छकडे जुंपले, बाया माहेरी गेल्या. राणीले भाऊ नव्हता."

"हूं," हमीदाबी म्हणाली, पण तिचा आवाज निम्मा झाला होता.

"राणी रोज दारात बसे आन् रस्त्याकडे पाहे. राजा इचारे, काय पाहून राह्यली? राणी म्हने, रस्ता."

यावर हुंकार आलाच नाही. सगळ्या बाया खाली पाहत होत्या. माझ्या आईने वात वळायची थांबवली. त्या ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाला, रस्त्यावरून जाणाऱ्या वाटसरूलासुद्धा, ती राणी कोण ते कळलं असतं.

"वरवर पाहू नका!"

मास्तर खिडकीतून नाही, दारातून बाहेर आले होते. अनवाणी. इतका मोठा अर्थ त्यांना खिडकीतून सांगवेना. "काय गोष्ट आहे! भाऊ म्हणजे सद्गुरू. तो येत नाही, त्याची वाट पाहावी लागते. छकडा म्हणजे देह. त्याचे दोन बैल, प्रवृत्ती आणि निवृत्ती. आणि रस्ता..." मास्तरांनी दोन्ही हात समोरच्या रस्त्याकडे पसरले, हे मी शपथेवर सांगतो. "रस्ता म्हणजे मोक्षाचा मार्ग!"

मग हमीदाबीने विचारलं, "आन् राजा कोन हो, मास्तर?"

मास्तर अडले. प्रामाणिक माणूस होता. म्हणाले, "राजाचा अर्थ मला अजून उकललेला नाही."

"आमाले उकलला," हमीदाबी म्हणाली.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. मग मूठ उघडली आणि दाणे ओट्यावर सोडून दिले. कहाणी अर्धी असताना. बायांच्या तोंडून एकदम "अगं बाई!" निघालं, पण वहिनी तोवर आत गेल्या होत्या. दाण्यांवर चिमण्या आल्या. मास्तर त्यांच्याकडे पाहत उभे राहिले, आणि मला भीती वाटली की आता ते चिमण्यांचाही अर्थ सांगतील.

पंचमीच्या सकाळी चांदभाईच्या छकड्यात, बांगड्यांच्या पेट्यांशेजारी बसून वहिनी देऊळगावला निघून गेल्या. हमीदाबीने त्यांना वाटेत खायला भाकरी बांधून दिल्या. मास्तर आंघोळीला बसले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत दुपारच्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले. चेहरा गंभीर, पण उतरलेला नाही. "मी विचार करतो आहे," ते म्हणाले. "स्त्री माहेरी जाते म्हणजे नेमकं काय होतं? नदी उगमाकडे..."

"मास्तर," मी म्हणालो, "वहिनी माहेरी गेल्या आहेत."

"हो, पण माहेर म्हणजे..."

"माहेर म्हणजे देऊळगाव राजा."

त्यांनी बोट वर केलं होतं. ते तसंच राहिलं. मग हळूहळू खाली आलं. इतक्या वर्षांत त्यांचं बोट काही न बोलता खाली आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला त्यांची दया यायला हवी होती. मला राग आलेला होता, आणि तो मी लपवला नाही. म्हणालो, "त्यांची आई खाटेवर आहे. त्या तुम्हाला महिनाभर तेच सांगत होत्या. गोष्टीत सांगितलं, गोष्टीबाहेर सांगितलं. आणखी कसं सांगायचं?"

"मला वाटलं..." मास्तर म्हणाले, आणि कोटाच्या तुटलेल्या बटणाची जागा चाचपत वर्गात गेले.

त्या आठवड्यात भिंतीपलीकडून करपलेल्या पिठल्याचा वास येत राहिला. शनिवारी शाळा सुटल्यावर मास्तर छत्री घेऊन सर्व्हिस मोटारीत बसले आणि वहिनींना आणायला गेले. सोमवारी सकाळी एकटेच परत आले. त्यांनीच मला सांगितलं. वहिनींनी त्यांना जेवू घातलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "माही कहाणी अर्धी राह्यली हाये. थे तुमी मधात एक शबुद न बोलता पुरी ऐका. मंग येईन मी चिखलीले. नाही तं आईपाशी बरी हाये."

"एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच," मास्तर म्हणाले. "आणि तिनं लगेच सांगायला सुरुवातही केली."

"मग?"

मास्तरांनी खाली पाहिलं. "आटपाट नगराशीच अडलं. मी फक्त एवढंच म्हणालो की नगर म्हणजे नवद्वारांचं शरीर. ती उठून चुलीकडे गेली."

तेव्हापासून दर रविवार असा जाऊ लागला. सोमवारी सगळी शाळा वाट पाहायची. आम्ही मास्तर लोक शिपायाला पुढे पाठवायचो, "पाहा रे, एकटे आले का?" एकटेच यायचे. दुसऱ्या रविवारी राजा-राणीपर्यंत पोचले आणि राजाशी घसरले. तिसऱ्या रविवारी म्हणे सगळे भाऊ आले, छकडे जुंपले, मास्तर घामाघूम होऊन गप्प बसले, आणि बैलांना पाहून त्यांचा तोल गेला. "बैल दोन आहेत हो," ते मला कळवळून म्हणाले. "दोन! नुसतं बसवत नाही."

हसून हसून आमची पोटं दुखायची. पण चौथ्या आठवड्यात मी त्यांना बाजारात पाहिलं. एका दुकानापुढे ते उगाच उभे होते, कोट अंगावर लोंबत होता, गालफडं बसली होती. माणूस वाळून गेला होता. बायको येईल की नाही याची त्यांना खरीखुरी धास्ती बसली होती, आणि ज्या एका गोष्टीने ती येणार होती तेवढीच त्यांना करता येत नव्हती. त्या दिवसापासून मी शिपायाला पुढे पाठवणं बंद केलं.

त्याच सुमारास माझी खामगावला बदली झाली. जायच्या आधी बालाजीचं दर्शन घ्यावं आणि वहिनींचा निरोप घ्यावा म्हणून गणपतीतल्या रविवारी मी मास्तरांबरोबर निघालो. मोटार चिखलात दोनदा रुतली. आम्ही उतरून धक्का मारला. चिखलाबद्दल मास्तर एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे वळून वळून पाहत होतो. मग त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि काळ्या दोऱ्याचं रीळ काढून मला दाखवलं.

"हे काय?"

"काळा दोरा. तिनं आणायला सांगितला होता."

"कधी?"

"बरेच दिवस झाले," मास्तर म्हणाले आणि रीळ जपून परत ठेवलं.

वहिनींचं घर बालाजीच्या देवळामागच्या बोळात, दोन खणांचं. ओसरीत खाटेवर त्यांची आई बसलेली. पाय अजून धड नव्हता, पण जीभ ठणठणीत होती. जावयाला पाहून म्हातारीचा चेहरा खुलला. तिला हा रविवारचा कार्यक्रम भलताच आवडत असावा. "आले जवाईबापू! ये वं सुभद्रे, घे दाने!" आणि मला म्हणाली, "बसा मास्तर, तुमी बी आयका. लय मजा येते."

मास्तरांनी आधी दोरा काढून वहिनींसमोर ठेवला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. डब्यातून जवारीचे दाणे काढले. मास्तरांनी सवयीने डावा हात पुढे केला. तेव्हा मला कळलं की हा माणूस इतके रविवार दाणे डाव्या मुठीत धरत होता. उजवा हात अर्थासाठी मोकळा ठेवायचा! वहिनी दाणे घेऊन तशाच थांबल्या. मास्तरांनी डावा हात मागे घेतला आणि उजवा पुढे केला. वहिनींनी त्यात दाणे घातले, आणि आपल्या हाताने त्यांची बोटं मिटली.

"आटपाट नगर होतं."

"हूं," मास्तर म्हणाले.

राजा आला. हूं. राणी आली. हूं. राणीची आई दूर गावी एकटी होती. यावर मास्तरांचा हुंकार थोडा उशिरा आला, पण आला. भाऊ आले, छकडे आले, आणि त्यांच्यापुढे ते दोन बैल आले. मास्तरांची मूठ वर उठली, पण बोट काढायचं तर दाणे सांडणार. मूठ पुन्हा मांडीवर आली. "हूं."

"राणी दारात बसे आन् रस्त्याकडे पाहे. राजा इचारे, काय पाहून राह्यली? राणी म्हने, रस्ता."

इथं मास्तर थांबले. खाटेवरून म्हातारी पुढे वाकली. मी मनात म्हटलं, गेला हाही रविवार. मास्तरांचे ओठ हलले, डोळे भरले, आणि ते म्हणाले, "हूं. मंग?"

जन्मभर पुस्तकासारखं बोलणाऱ्या मास्तरांच्या तोंडून हे 'मंग' मी पहिल्यांदा ऐकलं.

"मंग कोनी आलं नाही," त्या म्हणाल्या. "मंग राणी एकटीच निंगाली. बांगड्यावाल्याच्या छकड्यात बसली आन् आईपाशी आली. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. म्हने, लय दिवसांनी आली वं."

"हूं."

"झाली कहाणी."

मास्तरांनी मूठ उघडली. दाण्यांचे वळ तळहातावर लाल उमटले होते. ते उठले, देवळीतल्या देवापुढे दाणे ठेवले, आणि पुन्हा येऊन बसले. वहिनींनी पदराने डोळे पुसले, डब्यातून सुई आणि एक सुटं बटण काढलं, दोऱ्याचं रीळ उचललं आणि म्हणाल्या, "कोट काढा इकडे. गणपती उठले का आईले संगं घेऊन येईन मी."

मला एकदम इतका आनंद झाला की मी उगाच म्हातारीला तिच्या पायाबद्दल विचारलं. पण म्हातारीचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिचं ठरलेलं काहीतरी आज झालंच नव्हतं.

"जवाईबापू," ती म्हणाली, "आता तं कहाणी सरली. आता सांगा ना अर्थ."

ओसरीत सगळं थांबलं. वहिनींची सुई बटणात अर्धी. मास्तर सदऱ्यावर बसले होते, कोटाशिवाय ते फार लहान दिसत होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग सासूकडे.

"अर्थ असा आहे, आई," मास्तर म्हणाले, "की हिला तुमच्याकडे यायचं होतं."

म्हातारीने थोडी वाट पाहिली. पुढे काही येईना, तशी ती हिरमुसली.

"येवढंच? मले वाटलं काही मोठा असन."

मास्तरांचा डावा डोळा बारीक झाला. उजव्या हाताचं बोट मांडीवरून किंचित सुटलं. उभ्या आयुष्यात कोणी त्यांना मोठा अर्थ आपणहून मागितला नव्हता. मी पाहत होतो, वहिनीही पाहत होत्या.

मास्तरांनी ते बोट दुसऱ्या हातात धरलं आणि म्हणाले, "येवढंच, आई."